काळ्या कागदाआडचा नारिंगी पट्टा

भुताखेतांच्या, अंगात येण्याच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. आयुष्यभर केमिस्ट म्हणून नोकरी केली. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. तरीही हे लिहितेय... आणि लिहिताना आजही मन तसंच उचंबळून येतंय!

साठच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागे आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. रानभाज्यांत जीवनसत्त्व ‘अ’ देणारं कॅरोटीन किती, हे मी मोजायचे. काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी भरायची, वरून भाजीचा अर्क आणि पेट्रोलसारख्या वासाचं द्रावण सोडायचं. हिरवा रंग वरच अडकतो आणि कॅरोटीनचा नारिंगी पट्टा सावकाश खाली उतरतो. तो वेगळा गोळा करून मोजायचा. उजेडाने हा रंग मरतो, म्हणून नळीला काळा कागद गुंडाळलेला असे.

त्या दुपारी लोहगडवाडीजवळच्या वस्तीवरून चांगुणामावशी आल्या. लहानपणीच दोन्ही डोळे गेलेले. सोबत आठ वर्षांची नात, सुमी. दिवस मावळला की सुमीला दिसेनासं व्हायचं — जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याने येणारा रातांधळेपणा. त्यांच्या वस्तीवर कुर्डूची भाजी उदंड. ती तिथल्या मुलांच्या जेवणात घालायची की नाही, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं आणि रिपोर्ट संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जायचा होता. कुर्डूचा पहिला आकडा जवळजवळ शून्य आला होता. शेवटची खात्री म्हणून मी गाजर, पालक आणि कुर्डू अशा तीन नळ्या लावल्या होत्या.

मावशींना स्टुलावर बसवलं. आधारासाठी चाचपडताना त्यांचा हात गाजराच्या नळीला लागला.

“मावशी, काच आहे ती!” मी ओरडलेच.

“बाई, हितं ऊन लागतंय गं,” काळ्या कागदावर बोट टेकवून त्या म्हणाल्या. “आन् खाली खाली चाललंय.”

मी हसून कागद जरासा सारला... नारिंगी पट्टा बरोब्बर त्यांच्या नखाखाली!

योगायोग म्हणून सोडून देणाऱ्यांतली मी नव्हे. नळ्यांची अदलाबदल केली, तरी बोट पट्ट्यावरच. मध्येच नुसत्या भुकटीची एक नळी ठेवली. “ही रिकामी,” मावशी म्हणाल्या. थर्मामीटर लावला — सगळीकडे तापमान सारखंच. भीती कसली, मला तर नाचावंसं वाटत होतं!

मग कुर्डूची नळी. मावशींचं बोट वरपासून खालपर्यंत फिरलं.

“हिच्यात मेलेलं हाय. पाला कुटं ठेवलता बाई?”

मी खिडकीकडे पाहिलं आणि चपापले. वाळावा म्हणून पाला मीच दोन दिवस उन्हात पसरला होता! काळ्या कागदाचं शहाणपण नळीपुरतंच. चुकीचा रिपोर्ट जाणार होता, तोही माझ्या सहीने... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी माझ्यासाठी म्हणून ताज्या कुर्डूची जुडी आणली होती. तीच वाटली. नव्या नळीत अर्क उतरेपर्यंत पुण्याची गाडी निघून गेली. गेली तर गेली!

“आलं!” मावशी एकदम म्हणाल्या. “लय हाय बाई, लय!”

मी कागद काढला. बोटभर जाड पट्टा!

रिपोर्टात लिहिलं — कुर्डू द्यावी, तेलात परतून द्यावी, कारण हे जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. मावशींच्या बोटाबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. काय लिहिणार? थर्मामीटरने तर काहीच दाखवलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास मी वस्तीवर गेले तेव्हा दिवस बुडाला होता. मावशी दारात बसल्या होत्या. सुमी शेळ्या कोंडत होती.

“एक ऱ्हायली... ती बगा बाई, करवंदीच्या मागं!” म्हणत ती धावत सुटली.

मला तिथे नुसता अंधार दिसत होता.