गण एक, कुळ वेगळं

घुबडामुळे सोयरीक मोडत नाही. भावामुळे मोडते.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्या रविवारी अकोल्याहून पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला पाहायला शेंदूरजनाघाटच्या घरी यायचे होते. आधीची दोन स्थळं हुकली होती. त्यात सकाळी संत्र्यांचे क्रेट काढायला माळ्यावर चढलेल्या आईला कोपऱ्यात पांढरं घुबड दिसलं. ते फुसफुसलं आणि आई अर्धी शिडी सोडूनच खाली आली.

"आजच्या दिवशी घरात घुबड. आता काय जुळते सोयरीक?"

तिला ते हाकलायचं होतं. भर उन्हात कावळ्यांनी त्याला फाडलं असतं. मी तिची समजूत काढत असताना पाहुणे ओसरीवर येऊन बसले, वडिलांनी त्यांना पाणीही दिलं. आम्हाला मागच्या खोलीत पत्ता नाही. शेवटी मी शास्त्राला हात घातला. (शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय लागलेला आवाज घरात कमी होत नाही.)

"तू नुसतं तोंड पाह्य त्याचं, आई. पांढरं फटक, चपटं. गण एक हाये, पण कुळच येगळं हाये त्याईचं. त्याईले काहून भेतं?"

ओसरीवरचं बोलणं थांबलं. मी बाहेर आलो. मुलाच्या आईने त्या दिवशी पावडर जरा सढळ हाताने लावली होती.

मुलाचे वडील उठून चपला शोधत होते. "मास्तर, आमचं कुळ कोनतं वाटलं तुमाले?"

"तुमचं नाही काकाजी, घुबडाचं," मी घाईने म्हणालो.

हे ऐकून मुलाची आईही उठली.

चहा घेऊन आलेल्या वैशालीने ट्रे खाली ठेवला. "काकू, माळ्यावर चाला. दादा ज्याच्याबद्दल बोलून राहिला, थे वरतं बसून हाये."

मुलगा आधी चढला, मागोमाग त्याची आई. पिंगळ्यासारखी बाकीची घुबडं आणि हे पांढरं घुबड शास्त्रात एकाच गणातली असली तरी त्यांची कुळं वेगळी, हे वैशाली त्यांना समजावत होती. माझ्याकडून वर्षानुवर्षं नाइलाजाने ऐकलेलं ते ज्ञान. खाली मी आणि मुलाचे वडील एकमेकांकडे न पाहता बसलो होतो. बऱ्याच वेळाने वरून हसणं ऐकू आलं. मुलाची आई केसांत कोळ्याची जळमटं घेऊन उतरली आणि म्हणाली, तोंड मोठं गोड आहे हो त्याचं.

निघताना मुलाचे वडील म्हणाले, पोरगी पसंत आहे, अट एकच.

"लग्नात मास्तरच्या हाती माईक देऊ नका."

आईने लगेच कबूल केलं. माझं मत कोणी विचारलं नाही.