गुडघ्याचा दिवा

सूर्य आपलं काम अर्धवट टाकून मावळतो आणि उरलेलं आपल्याला करावं लागतं, अशी ठाम समजूत असलेला माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. निवृत्तीनंतर भाऊजींनी गुडघ्यासाठी लाल एलईडीचा दिवा आणला. तेव्हापासून संध्याकाळ झाली की ते काळा गॉगल लावून, लेंगा वर सरकवून गॅलरीत बसतात. गॅलरी इतकी लाल होते की समोरच्या इमारतीतल्या एकाने "नवीन बार कधी उघडला?" अशी चौकशी केली. गुडघा झाला की पाहुणे. चहा यायच्या आधी माझ्या खांद्यावर दिवा आलेला असतो. "भाऊजी, शेकायची पिशवी काय वाईट?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पिशवी नुसती गरम करते रे. हा पेशींशी बोलतो." आतून ताई म्हणाली, "बोलू दे. मला तेवढीच विश्रांती."

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीला मुलगी झाली. घरी आणलं आणि बाळ पिवळं पडत गेलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ वाढतेय, आजच दाखल करा, निळ्या उजेडाखाली ठेवावं लागेल. विहीणबाई कासावीस झाल्या. "एवढ्याशा जिवाला परत हॉस्पिटलात कशाला? तुमच्याकडे दिवा आहेच की!" सगळे भाऊजींकडे बघू लागले. दिवा आणल्यापासून ते याच वाक्याची वाट बघत होते.

भाऊजी चपला घालत होते. "माझा दिवा गुडघ्याचा आहे. तिथला निळा वेगळा, तोही मोजूनमापून, आणि रक्त तपासायला डॉक्टर. चला, उठा."

"अहो, पण तुम्हीच म्हणता ना, उजेड सगळ्यावर चालतो?" ताई म्हणाली.

"मी बरंच काही म्हणतो."

सभासमारंभांतून मी पुष्कळ विद्वान ऐकले आहेत. हे वाक्य एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. हॉस्पिटलात नर्सने विचारलेलं नसतानाही मी तिला सांगितलं, "हे माझे मेहुणे."

काचेपलीकडे बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात झोपलं होतं. अलीकडे भाऊजी काळा गॉगल लावून उभे.

"तुम्ही कशाला गॉगल लावलाय?" मी विचारलं.

"तिच्या एकटीचेच डोळे झाकलेत. बरं दिसत नाही."

बाळ बरं होऊन घरी आलं. आता ती आजोबांचा गॉगल पळवते. गुडघा मात्र दुखतोच. जिना उतरताना भाऊजी कठडा घट्ट धरतात आणि आम्ही दुसरीकडे बघतो. परवा गेलो तेव्हा चहा यायच्या आधी मीच खांदा पुढे केला.