गाडीवरच्या गुलाबी खुणा

मला कोणी फसवू शकत नाही, असं मी लग्नाच्या आधीपासून सांगत आले आहे. पुण्याच्या मंडईत तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी एकदा पकडली होती आणि त्या एका चिंचेवर पुढची वीस वर्षं माझा रुबाब चालला. नवरा म्हणतो, तुझा स्वभाव संशयी आहे. मी म्हणते, सावध आहे. या एका शब्दावरून आमचं अजून एकमत झालेलं नाही.

दोन हजार आठच्या दसऱ्याला आम्ही शारजात, अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगखाली, सेकंडहँड जपानी गाडी आणून उभी केली. गाडी नऊ वर्षांची होती, रंग विटलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा, पण भाव मी पाडून घेतला होता, त्यामुळे मला ती नव्यापेक्षा नवी वाटत होती. पूजा करायची तर नवऱ्याने नाक मुरडलं. तो सिव्हिल इंजिनीअर, टॉवर बांधणारा माणूस. गाडीला ऑइल लागतं, हळदकुंकू नाही, असं त्याचं मत. मी ऐकते थोडीच. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, विड्याच्या पानावर पुण्याहून आणलेली सुपारी ठेवून तिचा गणपती केला, झेंडू वाहिला, कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. वॉचमन बघत होता म्हणून नारळ तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोडला. संध्याकाळी 'पुनरागमनाय च' म्हणून सुपारी हलवायला खाली आले, तर पान जागेवर आणि सुपारी गायब. वाऱ्याने उडाली असेल म्हणत मी नुसतं पानच हलवलं आणि वर गेले.

त्याच महिन्यात जगाला मंदी आली. आमच्या खिडकीतून नऊ क्रेन दिसायच्या, त्या एकेक करून थांबल्या. लिफ्टशेजारच्या बोर्डावर रोज नवी चिठ्ठी लागायची, कोणाचा सोफा विकायचाय, कोणाचा फ्रीज. नवऱ्याच्या कंपनीने नोकरी ठेवली पण पगार अर्धा केला. तेव्हा माझ्या पगारावर घरभाडं आणि त्याच्या पगारावर मुलीची शाळा, असा संसार सुरू झाला. माझं ऑफिस दुबईत, सिलिकॉन ओएसिसला. तिथे अल नहदाहून थेट बस नव्हती. गाडी गेली तर माझी नोकरी जाणार होती, आणि नोकरी गेली तर मी आणि मुलगी पुण्याला परत, नवरा इथे कुठल्या तरी खोलीत एका खाटेचं भाडं भरून एकटा. बिल्डिंगमधल्या तीन घरांचं असंच झालं होतं. आम्ही हे एकदाच, जेवताना, ठरवून बोललो. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शाळेतून दाखला काढायचा फॉर्म आणला आणि फ्रीजवर मॅग्नेटखाली लावून ठेवला. जूनअखेर द्यायचा होता. मुलगी तेव्हा चौथीत होती. फ्रीज उघडताना ती त्या फॉर्मकडे बघायची नाही, आणि ती बघत नाही हे मी बघायचे.

आणि नेमकी गाडीने कुरकूर सुरू केली. फेब्रुवारीत एसीच्या पंख्यात खडखड होऊ लागली. मार्चमध्ये ती वाढली. मे उजाडता उजाडता पंखा पूर्ण थांबला. ज्यांनी जूनमध्ये शारजा-दुबई रस्त्यावर एसीशिवाय गाडी चालवलेली नाही, त्यांना मी काय सांगणार. मी ओला नॅपकिन मानेवर घालून निघायचे आणि ऑफिसात उकडलेल्या अळूवडीसारखी उतरायचे. मॅनेजर दोन वेळा म्हणाला की तब्येत बरी नसेल तर घरी जा. त्या दिवसांत घरी जा हे शब्द कोणाला ऐकायचे नव्हते.

मग गॅरेजं पालथी घातली. पहिलं गॅरेज इतकं चकचकीत होतं की मी चपला काढाव्या का या विचारात पडले. त्यांनी कॉफी दिली, गाडीला कॉम्प्युटर लावला आणि छापील कागद हातात ठेवला. पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, पंख्याची मोटर नवी, आतली कॉइल नवी, काँप्रेसरही बदलून घ्या, चार हजार आठशे दिरहम. तिथेच उभ्या उभ्या मी मोठ्याने हिशेब केला, बासष्ट हजार रुपये. गाडीच मुळात तेवढ्याला विकली नसती. दुसऱ्या गॅरेजवाल्याने गॅस भरला, फ्यूज बदलला, दीडशे घेतले, हबीबी खलास, म्हणजे काम झालं, म्हणाला, आणि सिग्नल ओलांडायच्या आत तो नवा फ्यूजही उडाला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर आता पाणीही फुंकून प्यायला लागले होते.

पाचव्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक वहिनी राहायच्या. त्यांच्या मिस्टरांचा सुक्या मासळीचा व्यापार होता. त्या म्हणाल्या, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आपल्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, श्रीवर्धनचा, पंचवीस वर्षं इथे आहे, डोळे मिटून गाडी द्या. डोळे मिटून म्हटल्यावर माझे डोळे आणखी उघडले. जुना चांगला पार्ट काढून घेतात आणि भंगारातला बसवतात, हे मी पुण्यापासून ऐकत आले होते. शनिवारी सकाळी मी मुलीला वहिनींकडे सोडलं आणि तिच्या खेळण्यांतली नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये टाकली. कुठल्याशा वाढदिवसाला मिळालेली, गुलाबी, चमकीवाली. खाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडून मी बॅटरीवर एक टिंब दिलं, काँप्रेसरवर एक, रेडिएटरच्या झाकणावर एक, आणि ज्यांची नावं माहीत नव्हती अशा सात-आठ वस्तूंवर एकेक. गॅरेजच्या दारात पोचल्यावर आठवलं की खरं काम डॅशबोर्डच्या खाली आहे. म्हणून हाक मारायच्या आधी वाकून तिथेही हाताला लागेल त्या स्क्रूवर आणि डब्यावर टिंबं दिली.

मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. त्यांनी गाडीला हातच लावला नाही. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला लागले. आधी खडखड झाली की आधी हवा कमी झाली? खडखड कुठल्या दिवशी सुरू झाली? त्या दिवशी गाडीत काय वेगळं केलं? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मला आठवलं. त्याच दिवशी मासळी बाजारातून आणलेल्या सुरमईचं पाणी सीटखाली सांडलं होतं. वास जावा म्हणून मी एसीची ती सरकवायची पट्टी बाहेरच्या हवेवर केली होती, गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच. हे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, डॅशबोर्ड उतरवायची काय गरज नाय," ते म्हणाले. "तीन स्क्रू हायत, बस."

मी खुर्ची उचलून गाडीच्या दाराशी नेली आणि डोळ्यांत तेल घालून बसले. त्यांनी समोरचा कप्पा काढला, वाकले, आत हात घातला, आणि हात तसाच बाहेर काढून उन्हात धरला. बोटांना चमकीवाला गुलाबी रंग लागला होता. मग ते उठले, शांतपणे बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला हाकलणार, आणि हाकलावंच. ते परत आले, हात कापडाला पुसले आणि इतकंच म्हणाले, "सुकायला पायजे होता अजून." आणि कामाला लागले. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, आणि त्या उन्हामुळे नव्हत्या.

पंखा बाहेर आला. त्यांनी तो वर्तमानपत्रावर उलटा करून झटकला. आधी वाळून तपकिरी झालेल्या पाकळ्या पडल्या, मग तांदळाचे दाणे, लालसर. मी खुर्चीवरून उठले. त्यांनी पंख्याच्या पात्यांत बोट घालून काहीतरी ओढलं आणि ते टण्णकन कागदावर पडून माझ्या पायाशी घरंगळत आलं.

ती माझी सुपारी होती. दसऱ्याला ती वाऱ्याने बॉनेटवरून काचेकडे घरंगळली होती, वायपरखालच्या तुटक्या जाळीतून आत गेली होती आणि हवेच्या झडपेवर चार महिने बसून राहिली होती. सुरमईच्या दिवशी मीच ती झडप उघडली आणि माझा गणपती पंख्यात पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पूजा माझी, सुपारी माझी, झडप उघडणारी मी, आणि चोर शोधत मी सगळी शारजा फिरत होते.

मिस्त्रींनी सुपारी उचलली, कापडाने पुसली, नाकाशी नेली. त्यांचा चेहरा जरा निराळाच झाला. "ही आमच्याकडची रोठा हाय," ते म्हणाले. "माझ्या बापाची वाडी होती सुपारीची. इथं पंचवीस वर्षांत पयल्यांदा बघतो गाडीत." मग त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली. देवाची आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"सगळ्याला खूण केलीत ताई," ते म्हणाले, "हिलाच तेवढी करायची राहिली."

मी हसले आणि हसता हसता मला रडू आलं. ते गृहस्थ तोंड फिरवून पंखा बसवत राहिले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, मंडईतल्या चिंचेपासून फ्रीजवरच्या फॉर्मपर्यंत, आणि माफी मागितली. ते म्हणाले, माफी कसली, फसलेला माणूसच खुणा करतो. मी विचारलं, ही सुपारी गुपचूप खिशात टाकून मोटर गेली म्हणून सांगितलं असतंत, तर मला कळलं असतं का? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाले. मोटर शाबूत होती. नवा फ्यूज घातला, जाळीला तार बांधली, बटण दाबलं, आणि कुंकवाचा थोडासा वास असलेली गार हवा माझ्या तोंडावर आली. त्यांनी पन्नास दिरहम सांगितले. मी शंभराची नोट पुढे केली. त्यांनी पन्नास परत दिले आणि पाकळ्या-अक्षता वर्तमानपत्रात बांधून तेही बरोबर दिलं.

वहिनींना मी आमच्या बिल्डिंगच्या दारातूनच फोन केला आणि मुलीला खाली पाठवायला सांगितलं. ती गाडीत बसली, चेहरा हवेसमोर धरला, केस उडू दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सो आय डोन्ट हॅव टू रिटर्न माय लायब्ररी कार्ड?" कार्ड परत करायचं असतं हे आम्ही तिला सांगितलेलं नव्हतं. तिने तो फॉर्म सगळा वाचला होता. मी म्हटलं, नाही, नाही करायचं.

वर नवरा साइटवरून येऊन बसला होता. किती झाले, त्याने विचारलं. मी म्हटलं, पन्नास. त्याला ते पन्नासशे वाटले. चेहरा उतरला, म्हणाला पाच हजार म्हण ना सरळ. मी त्याच्या तळहातावर सुपारी ठेवली आणि सगळी कथा सांगितली. नेलपॉलिशपाशी तो हसायला लागला. जानेवारीपासून हा माणूस हसलेला मी पाहिला नव्हता. तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसत बसला, थांबला, पुन्हा हसला. मग सुपारी बोटांत फिरवत म्हणाला, "तू पुनरागमनाय च म्हणून नुसतं पान हलवलंस. हे महाशय गेलेच नव्हते."

आणि उठून त्याने फ्रीजवरचा फॉर्म काढला. फाडला नाही. इंजिनीअर आहे, कोरी बाजू वाया घालवत नाही. ती सुपारी, अक्षता आणि पाकळ्या त्याने फॉर्ममध्ये पुडीसारख्या बांधल्या, आणि संध्याकाळी आम्ही तिघं ममझरच्या समुद्रावर गेलो. पुडी पाण्यात सोडायची नाही म्हणून नवऱ्याने ती उघडली, आतलं सगळं लाटेला दिलं आणि कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. एसी येताना-जाताना फुल होता. मुलीला थंडी वाजली तरी कोणी तो कमी केला नाही.

त्या गाडीने पुढे आणखी सात वर्षं काढली. तिचं जे काही बिघडलं ते मिस्त्रींनीच दुरुस्त केलं, आणि मी चावी देऊन निघून यायचे. ते प्रत्येक वेळी विचारायचे, खुणा करून झाल्या का, मग कामाला लागतो. बॉनेटखालची ती गुलाबी टिंबं कधी पुसली गेली नाहीत. एकदा पासिंगच्या तपासणीत इन्स्पेक्टरने हे काय आहे म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, फॅमिली मॅटर.

मिस्त्रींनी एसी दुरुस्त केला त्या वर्षीचा दसरा आला तेव्हा नवऱ्याचा पगार अजून अर्धाच होता. बॉनेटवर स्वस्तिक त्याने स्वतः काढलं, वेडंवाकडं. मी विड्याचं पान ठेवलं आणि डब्यातून नवी सुपारी काढली. मुलगी पाचवीत गेली होती, त्याच शाळेत. तिने माझ्या हातातून सुपारी घेतली, खिशातून ती बाटली काढली, सुपारीवर एक गुलाबी टिंब दिलं, फुंकर मारून सुकवलं, आणि मग ती पानावर ठेवली.