पंखाखालची शीर

फार्मवर कोंबड्यांचं रक्त काढणाऱ्या टोचणमावशीने ते भांडण ऐकलं तेव्हा ती मोरीत काचेच्या नळ्या विसळत होती. पलीकडे कोंबड्यांची डॉक्टरीण आणि फार्मचा मालक. मध्ये नुसता पत्रा. कान झाकायला हात मोकळे नव्हते, आणि असते तरी कोण झाकतं!

"काही कोंबड्यांच्या रक्तात रोगाशी झुंजायची खूण सापडलीय ना? मग लस कशाला?" मालक म्हणाला.

"खूण म्हणजे चिलखत नव्हे हो! खुणेच्या कमी आजारी पडतात, इतकंच. आणि त्याच शेडमधल्या बिनखुणेच्या कोंबड्यांनी काय करायचं?"

"त्यांनी जपून राहायचं."

मालकापुढे शहाणपण किती चालणार? लस बंद झाली. वर नियम आला, कामावरच्या कुणी घरी कोंबडी पाळायची नाही. रोग पिसांच्या धुळीत असतो, कपड्याला चिकटून येतो.

मावशीने मान डोलावली आणि घरी आली, तर परसात सासूबाईंची तांबडी कोंबडी ऐटीत उभी.

"आई, हिला देऊन टाका कुणाला तरी."

"आधी मला दे," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, माझंही रक्त बघा. एवढी जगले ती कुठल्या खुणेवर?"

तांबडी राहिली. एक मेली की सासूबाई दुसरी आणायच्या, तिचंही नाव तांबडीच. मावशीचा जीव मात्र कायमचा टांगणीला लागला. कामावर निघताना ती कपडे झटक झटक झटकायची, चपला घासायची. कातडी तेवढी सोलायची बाकी होती. पंखाखालची शीर तिला डोळे मिटून सापडायची, पण हातात फडफडणारा जीव धरला की वाटायचं, बाई गं, मी तुला सुईच टोचतेय ना? आणखी काही नाही ना?

एका सकाळी तांबडी उठेना. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. असं बसणं शेडच्या दारावरच्या रोगाच्या चित्रात होतं. तांबडीच्या डोक्यावर वाळत घालायची दोरी, आणि कामाचे कपडे रोज त्याच दोरीवर.

गप्प राहिलं तर कोण विचारणार होतं? पण बिनखुणेच्या साऱ्या कोंबड्या तिला तशाच पाय ताणून बसलेल्या दिसायला लागल्या.

त्या दिवशी ती फाटकाबाहेरच थांबली. "मॅडम, जवळ येऊ नका. माझ्या घरी कोंबडी आहे. तिचे पाय गेलेत."

डॉक्टरीण पांढरीफटक पडली. "कधीपासून आहे?"

"नियमाच्या आधीपासून."

"मावशी, काय केलंत हे! आता कुणाला लागण झालीय ते कितीतरी दिवस दिसणारसुद्धा नाही."

"खुणेच्या तरी तरतील ना?"

"बऱ्याचशा, कदाचित." मग हळूच म्हणाली, "उद्यापासून येऊ नका. मालकांना मला सांगावंच लागेल."

"सांगा."

काल काढलेल्या रक्ताची पेटी फाटकाजवळच्या खोलीत होती. प्रयोगशाळेत ती नेहमी मावशीच पोचवायची. डॉक्टरिणीने ती बाहेर आणून ठेवली आणि दूर झाली. "एवढी नेता? तिथे कोंबड्या नाहीत."

मावशी पेटी छातीशी धरून निघाली, सावलीच्या कडेने, डचमळू न देता. यातली कुठली नळी खुणेची, कुठली बिनखुणेची, हे तिला बाहेरून ओळखता येत नव्हतं. सगळं रक्त सारखंच लाल.

"काय मावशी, आज गप्पशा?" प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"नळ्या उभ्या ठेव बाबा," ती म्हणाली. झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं, आणि मगच पेटीवरचा हात काढला.