आत्याने केलेला भुट्ट्याचा कीस

भुट्ट्याचा कीस शिजताना दुधाहिंगाचा वास सुटला की देवासचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. घरच्या जेवणात विष आहे असं वाटून आत्या एकदा चार दिवस उपाशी होती. पाचव्या दिवशी तिला इंदूरला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मनोविकारांचे डॉक्टर घरी आले, पण त्यांनी तिला समजावलं नाही. म्हणाले, “ताई, मग तुम्हीच करा, मैं खाऊंगा.” तिने कीस केला, त्यांनी खाल्ला. मग तिने बशी बाबांपुढे धरली. “खा ना, दादा.” तिने त्यात काही घातलं असेल या भीतीने बाबांचा हात पुढे होईना. डॉक्टर हळूच म्हणाले, “ताईंना रोज असंच वाटतं, साहेब.” बाबांनी बशी चाटूनपुसून साफ केली. मग आत्या जेवली. इंदूर टळलं. पुढे तिची औषधं सुरू झाली, आणि तिला वाढताना पहिला घास मी खायचे. ती सवय अजून आहे आणि मुलं मला हावरट म्हणतात.