वस्तादांचं नाक

आमच्या वस्तादांच्या आधी त्यांचं नाक तालमीत शिरे. ते लांब होतं म्हणून नव्हे, कामसू होतं म्हणून. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांना तेलपाणी करण्यात त्यांचा जन्म गेला आणि सारं कसब नाकात मुरलं. उंबऱ्यावरूनच, मल्लखांबाकडे न बघता, ते विचारत, "आज जुनं तेल कुनी लावलं रं?" मल्लखांबाला एरंडेल चोळतात, आणि एरंडेलातही ताजं, खवट आणि भेसळीचं असे तीन पंथ असतात, हे ज्ञान मला त्या नाकाने दिलं.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. खांबावर चपळ, पण माणसं बघायला बसली की तळहातांना असा घाम फुटे, की वस्तादांनी माझं नाव 'लोण्या' ठेवलं होतं. आदल्या वर्षी तळेगावच्या सामन्यांत मी सलामी देऊन चढतानाच घसरून सगळ्यांच्या देखत धपकन खाली आलो होतो. आमच्या नानांचं किराण्याचं दुकान. त्यांनी यंदाचा निकाल आधीच देऊन ठेवला: पुन्हा पडलास तर तालीम बंद, दुकानात बसून पुड्या बांधायच्या. पुड्यांचं मला काही नव्हतं. तालीम सुटली असती तर मात्र माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

वस्तादांनी मला प्रेक्षकांची सवय लावायची ठरवलं. पहिल्या आठवड्यात शेजारची म्हैस आणून खांबासमोर बांधली. तिने सगळा कार्यक्रम रवंथ करत पाहिला. मग शेडमधले, इंजिनात कोळसा टाकणारे दोन फायरमन आले. शेवटी, कळस म्हणजे, माझी आत्या. मी वर मयूरासन करत असताना ती खालून म्हणाली, "पोरगं वाळलंय हो," आणि मी पडलो.

"म्हशीपुढं न्हाई पडला, आत्यापुढं पडला," वस्ताद म्हणाले. "म्हंजे भ्या खांबाचं न्हाई. लोक बघत्यात याचं हाय."

मग काय करायचं, मी विचारलं.

"बघू. लोकांना दुसरं कायतरी बघाया दिऊ."

सामन्याच्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हा हातांच्या पागोळ्या झाल्या होत्या. पहिल्या रांगेत नाना, हाताची घडी घालून. वस्ताद एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात एरंडेलाची बाटली घेऊन उभे. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, बाटली तोंडाला लावली आणि चांगले चार घोट घेतले.

"आरं, पानी समजून वस्ताद एरंडेल प्याले," मागून कुणीतरी म्हणालं आणि मैदान हसून लोळायला लागलं. पंचांनी टोपीत तोंड लपवलं. नानांचं उपरणं तोंडाशी गेलं. वस्ताद पोट धरून, तोंड वेडंवाकडं करत, मैदानाला पुरा वळसा घालून लगबगीने निघाले आणि सगळ्या माना त्यांच्यामागे फिरल्या. माझ्याकडे एकही नजर उरली नाही. मलाही हसू फुटलं. हसत हसत हात पुसले, सलामी दिली, चढलो. लोकांना माझी आठवण झाली तेव्हा मी खांबाच्या टोकावरच्या बोंडावर मयूर करून स्थिर होतो. भ्यायचं राहून गेलं, हे मला खाली उतरल्यावर कळलं.

माझी तालीम वाचली. वस्तादांचं नाव मात्र 'एरंडेल वस्ताद' पडलं, ते कायमचं. बाजारात पोरं मागून हाक मारत आणि ते हात वर करून ओ देत. चिडवणाऱ्यांत मीही होतो, आणि माझा आवाज मोठा होता.

पुढे नोकरीसाठी गाव सोडताना मी निरोप घ्यायला परंदवडीला, त्यांच्या गावच्या घरी गेलो. ते ओसरीवर पाठमोरे बसून विळ्याला धार लावत होते. मी अंगणात पाऊल टाकतोय तोच, वळूनही न बघता म्हणाले, "खवट खोबरेल लावून नोकरीवर चाललास व्हय, लोण्या?"

मी जागीच थांबलो. इतक्या वर्षांनी माझ्या टाळक्यात उजेड पडला होता.

"वस्ताद, त्या दिवशी हातातल्या बाटलीचा वास नाही आला तुम्हाला?"

त्यांनी विळा खाली ठेवला आणि सावकाश नाक चोळलं.

"त्या दिशी मला पडसं झालतं," ते म्हणाले. "जा आता. गाडी चुकंल."