कमळाचे वीस पैसे

मी एकतीस वर्षं अंधेरीच्या एका औषध कंपनीत गोळ्यांच्या स्ट्रिप तपासल्या. फिरत्या पट्ट्यावरून स्ट्रिप येत. एखादी गोळी चेपलेली, एखादा कप्पा रिकामा दिसला की मी ती उचलून लाल खोक्यात टाकायचे. दिवसभर तेच, पास, पास, नापास, पास. त्यामुळे आपली नजर पक्की आहे असा माझा समज होता आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे. हा समज मोडायला वीस पैशांचं एक नाणं पुरलं.

कमळाचं ते पिवळं नाणं ज्यांनी वापरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला कमळ. त्यात सोनं मिसळलंय अशी तेव्हा बायकांमध्ये बोलवा होती. सोनं कुठलं असायला, पण आमच्या आईनेही ती जमवायला घेतली. लक्ष्मीपूजनाला अशी एकशे आठ नाणी वाहायची असं तिने मनात धरलं होतं. बाबा तेव्हा गिरणीत होते. ते कँटीनवाल्याकडून, पानवाल्याकडून सुट्ट्या पैशांत कमळ मागून घ्यायचे आणि घरी आले की आईच्या हातावर ठेवायचे. एकशे आठ पुरी व्हायला सहा वर्षं लागली. तोवर नाणं बाजारातून दिसेनासं झालं होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती सगळी नाणी घासायचं काम माझं. आई आमसुलं भिजत घालायची आणि त्या आंबट पाण्यात मी एकेक नाणं चोळून लख्ख करायचे. आमच्या कोकणातल्या घरांत देवाची भांडी अशीच घासतात. मळकं काही देवापुढे ठेवायचं नाही, एवढं आम्हाला ठाऊक.

गिरणी बंद पडली, मग बाबांनी मालाडला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, आम्ही गोरेगावला राहायला आलो. आई गेली. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. आई गेल्यावर त्यांना नाण्यांचा नाद लागला. म्हणजे जुनी नाणी विकत घेणं वगैरे नाही, असलेलीच काढून बसणं. भिंगाखाली धरायची, साल वाचायचं, पुन्हा फडक्यात गुंडाळायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. किती टिकेल ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मुलुंडला एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. बाबांनी हट्ट धरला म्हणून मी त्यांना घेऊन गेले. एकशे आठ नाणी एका बरणीत, बरणी पिशवीत, पिशवी बाबांच्या पोटाशी. विकायची नव्हतीच. कुणा जाणकाराला दाखवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पहिल्याच टेबलावरच्या माणसाने बरणीत हात घातला, मूठभर नाणी वर काढली, परत आत सोडली आणि म्हणाला, "ही किलोवर घेतो. ठेवून जायचीत तर ठेवा."

तो वाईट बोलला नाही. त्याच्या धंद्यात ते तसंच असेल. पण मला इतका राग आला की मी त्याचं टेबल उलथवलं नाही हे त्याचं नशीब. बाबांनी बरणी परत पिशवीत घातली. परतताना रिक्षा आरेच्या रस्त्याला लागली, दोन्हीकडे झाडं सुरू झाली, तेव्हा ते एकदाच म्हणाले, "किलोवर गो?" आणि पुढे गोरेगाव येईपर्यंत पिशवीचे बंद धरून बसले.

त्या रिक्षातच मी ठरवलं. बाबांची गिरणी गेली, तिच्याबरोबर कामाचं नावही गेलं. पुढची वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडण्यात गेली. त्यांच्या हातून आलेली निदान एक गोष्ट पास झालेली त्यांना दाखवायची, आणि डोळे आहेत तोवर दाखवायची. नाणी तपासून देणाऱ्या कंपन्या असतात हे मी त्या प्रदर्शनातच पाहिलं होतं. त्या नाणं अस्सल आहे का बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि चिठ्ठी लावून प्लॅस्टिकच्या कडक डबीत बंद करतात. ती डबी मला हवी होती. चिठ्ठीवरचा आकडा मी मोठा करून झेरॉक्स काढणार होते, बाबांना वाचता येईल एवढा मोठा.

मालाडच्या बाजारात जुन्या नाण्यांचं एक छोटं दुकान आहे. तिथले दुकानदार वयस्क, गोड बोलणारे. घरून निघण्याआधी मी एकशे आठांतून सगळ्यात लखलखीत नाणं निवडलं होतं. निवडायला वेळच लागला नाही. बाकीची पिवळट आणि हे एकटं आरशासारखं. त्यांनी ते भिंगाखाली धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं आणि बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, ऐका ना. नाणं पन्नासचं, डबी हजाराची. कशाला?"

मी म्हटलं, मला विकायचं नाहीये. तरीही त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. साल दुर्मीळ असेल, त्या नाण्याच्या बाजारात नकला फिरत असतील, घेणारा लांबच्या गावचा आणि नाणं न बघता पैसे मोजणारा असेल, तर डबीचा खर्च निघतो. कमळाच्या नाण्याची नक्कल कोण करणार, करायचाच खर्च निघायचा नाही. टांकसाळीतून निघाल्यापासून हातच न लागलेलं एखादं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते बाजारात फिरलेलं नसतं. एवढं झाल्यावर त्यांनी माझ्या नाण्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "चमकतंय म्हणून आणलंत ना? चमक दोन प्रकारची. एक टांकसाळीची, एक घरची."

मला वाटलं, माझं नाणं स्वस्तात लाटायचा डाव आहे. पन्नास रुपयांच्या नाण्यासाठी कोण डाव रचेल, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. मी त्यांना ठणकावून सांगितलं की मीही एकतीस वर्षं माल तपासलाय आणि चांगलं काय ते मला कळतं. ते हसले, फॉर्म काढून दिला, कसा भरायचा तेही दाखवलं. फी, कुरिअर, परतीचा विमा धरून जी रक्कम झाली त्यात तसली वीस-बावीस नाणी सहज आली असती. मी ती भरली आणि बाबांना सांगितलं की तुमचं कमळ परीक्षेला बसलंय.

हे सांगायला नको होतं. त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायचे, निकाल लागला काय. डोळ्यांत थेंब घालून झाले की भिंत, दार, कॅलेंडर असं करत नजर किती आहे ते स्वतःच तपासायचे. एकदा कॅलेंडरवरचा तारखेचा आकडा त्यांना दिसला नाही. त्यांनी तो अंदाजाने सांगितला आणि तो चुकीचा होता. मी बरोबर आहे म्हटलं. त्या आठवड्यात मी कंपनीला तीन फोन केले, दोनदा भांडले. लवकर पाठवा, एवढंच माझं मागणं होतं.

सात आठवड्यांनी पाकीट आलं. बाबा आत आडवे झाले होते. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच ते फोडलं. डबी सुंदर होती, नाणं तिच्यात देवासारखं बसलं होतं. चिठ्ठीवर इंग्रजीत नाण्याचं नाव, साल, अस्सल असल्याचा निर्वाळा. आकड्याच्या जागी आकडा नव्हता. नाणं खरखरीत काहीतरी लावून घासलेलं आहे, म्हणून श्रेणी देता येत नाही, असं होतं.

मी आधी चिडले. आमसुलाला खरखरीत म्हणतात म्हणजे यांना अक्कल नाही, असं मोठ्याने बोललेही. मग मी बाबांचं भिंग आणलं आणि खिडकीपाशी डबी तिरकी केली. कमळावर बारीक बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे. अशी स्ट्रिप समोर आली असती तर पट्टा न थांबवता मी ती लाल खोक्यात टाकली असती.

आणि मग मला आठवलं. ते आमसूल नव्हतंच.

मी तेव्हा आठ वर्षांची असेन. आई आमसुलाशिवाय दुसरं काही लावू द्यायची नाही. पण शेजारची मुलगी म्हणाली की रांगोळीने पितळ सोन्यासारखं होतं. मी आईच्या डब्यातली मूठभर रांगोळी पळवली आणि मोरीत बसून एक नाणं घासलं. ते इतकं चमकलं की आईने पूजेत तेच मधोमध, लक्ष्मीच्या पायाशी ठेवलं. मला आकाश ठेंगणं झालं. मग दर दिवाळीला मी तेच नाणं शोधून काढायचे आणि चोरून रांगोळीने घासायचे. चार-पाच वर्षं. पुढे मोठी झाले आणि विसरून गेले. एकशे आठ नाण्यांतून माझ्या पक्क्या नजरेने निवडलेलं नाणं होतं ते हे.

दोन दिवस मी बाबांना थापा मारल्या. पोस्टाचा घोळ आहे म्हटलं. झेरॉक्सवर स्वतःच एक आकडा लिहून दाखवावा हेही मनात आलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. कॅलेंडरच्या बाबतीत मी एकदा खोटं बोलले होते तेवढं पुरे होतं. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं तेव्हा मी डबी त्यांच्या हातात दिली आणि सांगून टाकलं. नाणं नापास झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. रांगोळी, मोरी, शेजारची मुलगी, सगळं सांगितलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण आवाज आठ वर्षांच्या मुलीसारखा निघत होता.

बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग बोटांनी चाचपली, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"ह्या काय गो? हाताक लागणा नाय. काढ ता."

मला तेव्हा कळलं की भिंग कधीच निरुपयोगी झालं होतं. नाणी काढून बसायचे ते वाचायला नव्हे, बोटांनी ओळखायला बसायचे, आणि मला कळू नये म्हणून भिंग हातात धरायचे. कॅलेंडरच्या वेळी केला तसा अंदाज सगळीकडेच चालला होता. आणि मी त्यांना दाखवण्यासाठी प्लॅस्टिकवर लिहिलेला आकडा आणायला निघाले होते.

मी डबी टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि खलबत्त्याचा बत्ता घातला. पहिल्या दोन घावांना ती दाद देईना. तिसऱ्याला कड तडकली, मग मी सुरीचं टोक घालून ती उचकटली. हजार रुपयांचा तो तुकडा मोडताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

नाणं बाबांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा कमळावरून एकदाच फिरवला आणि त्यांची आठी गेली.

"ह्या होय," ते म्हणाले. "पाकळये गेलेला. तुझ्या आवशीक ठावक होता. रांगोळीचो डबो दर दिवाळेक कमी जाय."

मी विचारलं, मग ती कधी ओरडली का नाही.

"कित्याक ओरडात? पोरीन घासल्यान म्हणान तर ती ताच मधी ठेवी."

मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. इतकी मी तेव्हाही रडले नव्हते. बाबांनी मला रडू दिलं आणि अंगठा कमळावरून फिरवत राहिले.

कुणी विचारलं तर मी आता मालाडच्या दुकानदाराचंच सांगते. स्वस्तातलं नाणं डबीत घालायला पाठवू नका, पैसे जातील. जाऊन त्यांनाही तेच सांगितलं आणि ठणकावल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि आणखी एक गोष्ट बजावली. उरलेली नाणी निदान आता तरी घासू नका, आहेत तशी ठेवा, हात लागेल तेवढं नाणं उतरतं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी मान डोलावली.

दिवाळी दहा दिवसांवर होती. घरी येताना मी वाण्याकडून पाव किलो आमसुलं घेतली, आणि रांगोळीचा एक पुडा.